टोपीखालचे डोळे आणि सतरा वर्षांचा डी४०

"मामा, पप्पा म्हणतत ह्यो इकून टाक. तुमी एकदा बघशात?"

२०२४च्या नोव्हेंबरअखेरीस भाचीनं माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. आत निकॉन डी४०, त्याची १८-५५ची लेन्स, चार्जर आणि एक जाडजूड मॅन्युअल. मी न बघताच म्हणालो, "वीक." मालवणच्या बाजारात बरीच वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस मी, तेव्हा सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा बघून तोंडातून दुसरं काही निघणं अवघडच होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात पहिली चूक माझी आहे.

कॅमेरा भावोजींचा. २००६च्या नोव्हेंबरात निकॉननं हे मॉडेल जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी भावोजींनी मुंबईत नोकरीला असताना तो घेतला. भाचीचं बारसं, दोन गणपती, गोव्याची एक सहल, एवढं काढून झालं आणि मोबाइल आला. निवृत्तीनंतर बिऱ्हाड गावी आलं, तेव्हा कॅमेरा लोखंडी कपाटात बहिणीच्या पैठणीशेजारी जाऊन बसला. तिथं तो सात पावसाळे होता.

भाचीला तो अचानक आठवायला कारण होतं. गावच्या वाचनालयाच्या दालनात जानेवारीत रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर, छायाचित्रं लावायची ठरली होती. बारा बाय अठरा इंचांच्या वीस चौकटी, आणि काम तिच्याकडे. वायरी-तारकर्लीच्या किनाऱ्यावर दोन सकाळी जाऊन तिनं मोबाइलवर शंभरेक फोटो काढलेही होते. समुद्र सुरेख, वाळू सुरेख, दोर ओढणाऱ्या माणसांची रांग सुरेख; चेहरे मात्र काळे. अकरा वाजताचं ऊन डोक्यावर, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी नाहीतर टॉवेल, आणि सावलीत गेलेले डोळे. मोबाइल तो अंधार आपल्या अकलेनं उजळवायचा, पण अठरा इंचांवर छापून पाहिलं तर गालाची कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसायची. साठ वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढलेल्या माणसाचा गाल गुळगुळीत दिसला तर फोटो कशाला काढायचा?

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. नवा कॅमेरा घ्यायचा, म्हणजे पन्नासेक हजार. जुना देऊन थोडी सूट मिळवायची. एका दुकानदारानं अडीच हजार सांगितले होते. किंवा हाच चालवायचा. हाताशी तीन आठवडे.

पिशवीतून काय काय निघालं

बॅटरी मेलेली होती. चार्जरवर रात्रभर ठेवली तरी दहा फोटोंत डोळे मिटायची. ईएन-ईएल९ या बॅटरीचं आयुष्य संपणं स्वाभाविक आहे. नशीब एवढंच की ती फुगली नव्हती. फुगलेली बॅटरी खाचेत अडकते आणि ओढून काढण्याच्या नादात आतली पट्टी मोडते. याच जातीची पुढे आलेली ईएन-ईएल९ए डी५०००मध्ये असायची, तीही इथं बसते. आम्ही दुसऱ्या कंपनीची नऊशे रुपयांत मागवली.

मग कार्ड. भाचीनं मोबाइलमधलं ६४ जीबीचं कार्ड अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात सरकवलं आणि कॅमेऱ्यानं त्याला ओळखच दाखवली नाही. तिला वाटलं खाच बिघडली. बिघडलं काहीच नव्हतं. डी४०ला एसडी आणि एसडीएचसी कळतं, म्हणजे ३२ जीबीपर्यंत. त्यापुढची एसडीएक्ससी जात त्याच्या जन्मानंतरची. माझ्या खणातलं ८ जीबीचं जुनं कार्ड घातलं आणि मुकाट चाललं. जुने कॅमेरे "बंद पडले" म्हणून माझ्याकडे येतात, त्यांतले बरेचसे या दोन कारणांनीच आलेले असतात, बॅटरी आणि कार्ड. एकाचाही कॅमेरा बिघडलेला नसतो.

बॅटरी बदलल्यावर शटरचा तो टचकन आवाज आला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. फोटोच्या फाइलमध्ये शटर किती वेळा पडलं याची नोंद असते. ती होती चौदा हजारांच्या घरात. म्हणजे कॅमेरा म्हातारा नव्हता, नुसता पडून होता.

दुखणं होतं लेन्समध्ये. या लेन्सला ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणारं भोक लहानमोठं करायची, कडी नसते, म्हणून मागची बारीक दांडी नखानं सरकवून पाती उघडी धरली आणि दुसऱ्या बाजूनं टॉर्च तिरका मारला. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या काचेच्या पोटात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले होते. बुरशी. कडेपासून आत, साधारण एक तृतीयांश.

इथं जरा थांबतो, कारण कोकणातल्या कॅमेऱ्याचं खरं प्रकरण हेच आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, पुण्यातही आणि नागपुरातही. त्यांना लागते दमट, कोंडलेली, काळोखी जागा. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की काचेवरच्या धुळीवर आणि तेलकट थरावर ते रुजतात. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती नव्वदीत असते. घरातलं मीठ पाणी होतं, कपाटातले चामडी बूट हिरवे होतात. त्यातच कॅमेरा चामड्याच्या किंवा स्पंजच्या केसमध्ये ठेवला, की बुरशीला गादीच घातल्यासारखं. वाढताना ती आम्ल सोडते आणि ते काचेवरच्या लेपात खड्डे पाडतं. लेन्स उन्हात ठेवली की बुरशी जाते असं सांगणारे गावोगाव भेटतात. उन्हानं ती वाढायची थांबेल कदाचित, पण खाल्लेला लेप परत येत नाही आणि धागेही आपोआप गळून पडत नाहीत.

बहिणीच्या कपाटात आणखी एक गोष्ट होती: डांबराच्या गोळ्या. साड्यांना कसर लागू नये म्हणून. मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलंय की नॅप्थलीन किंवा कापराच्या गोळ्यांजवळ कॅमेरा ठेवू नका. सतरा वर्षांत ते पान कुणी उघडलं नव्हतं. मीही नाही, आणि स्टुडिओत माझ्या कपाटातही गोळ्या होत्या.

बुरशी लागलेल्या लेन्सनं फोटो येतच नाहीत असं नाही. सूर्य पाठीशी असेल तर फरकही कळत नाही. उजेड समोरून आला की मात्र सगळ्या चित्रावर ताकाचा हात फिरवल्यासारखं होतं. आणि रापण म्हणजे समोर समुद्र, समुद्रावर चकाकी. साफ करून आणायची तर मुंबईला, फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला पाठवावी लागली असती. जाण्यायेण्यासकट हजार-दीड हजार आणि पंधरा दिवस. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सवर एवढा खर्च करणं मला पटत नाही. तीच जुनी दोन हजारांत मिळते.

मिळते, पण कोणती ते बघून घ्यावी लागते. भाचीनं ऑनलाइन एक १८-५५ पसंत करून पैसे भरायची तयारी केली होती. नवीकोरी दिसणारी, स्वस्त, आणि नावात एएफ-पी. मी ओरडलोच. डी४०च्या अंगात फोकसची मोटर नाही. मोटर लेन्समध्ये असावी लागते, म्हणजे एएफ-एस जातीची. एएफ-पी लेन्समध्येही मोटर असते, पण ती २०१६पासूनची आणि वेगळ्या तऱ्हेची. ती या कॅमेऱ्यावर बसते मात्र, फोकस काही करत नाही, हातानंही नाही. शेवटी कणकवलीच्या एका माणसाकडून एएफ-एस व्हीआर लेन्स घेतली, बावीसशेला, टॉर्च मारून पाहून.

सेन्सरवरचे, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या पट्टीवरचे, डाग घरीच निघाले. आकाशाचा फोटो एफ/२२ला, म्हणजे भोक अगदी बारीक करून, काढला, त्यात सात काळे ठिपके. आरसा वर धरून ठेवायची सोय मेन्यूत आहे, पण मेन्यू 'सिंपल'वर होता, तो 'फुल' केल्यावर ती सापडली. बॅटरीही पूर्ण भरलेली लागते. रबरी फुग्यानं वारा मारला, पाच ठिपके गेले. भाची तोंडानं फुंकायला पुढे झाली तेव्हा तिचा दंड धरला. थुंकीचा एक शिंतोडा सातही ठिपक्यांना भारी पडतो.

एकूण खर्च: बॅटरी ९००, लेन्स २,२००, फुगा २५०. तीन हजार तीनशे पन्नास. भावोजी म्हणाले, "इकून अडीच येतले होते, आता वर तीन घातलेत." हिशेब बिनचूक होता.

एक पाचशेवा भाग

तोपर्यंत माझी समजूत अशीच होती की मुलीची हौस आहे, बरे फोटो येतील, मोबाइलपेक्षा थोडे उजवे. मग एका रात्री झोप येईना म्हणून ते मॅन्युअल चाळत बसलो आणि फ्लॅशच्या पानावर एक आकडा दिसला: १/५०० सेकंद. डोक्यात लख्ख झालं. ही गोष्ट मला माहीत होती, मी विसरलो होतो.

ज्यांना हा आकडा काही सांगत नाही त्यांच्यासाठी उलगडतो. फ्लॅश हा क्षणाचा उजेड. तो पडतो तेव्हा सेन्सर एकदम पूर्ण उघडा हवा. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे पडदे ठरावीक वेगानंतर पूर्ण उघडतच नाहीत, नुसती फट सरकत जाते. त्यामुळे फ्लॅश वापरायचा तर वेगाला मर्यादा येते. डी३१००, डी३२०० या नंतरच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ती १/२०० आहे. डी४०चा सेन्सर सीसीडी जातीचा. जास्त वेगाला पडदा उघडा राहतो आणि वेळ सेन्सरच मोजतो. म्हणून १/५००लाही फ्लॅश चालतो. पुढे सेन्सर बदलले आणि स्वस्त कॅमेऱ्यांतून ही सोय गेली.

किनाऱ्यावर याचा उपयोग काय? भर उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो त्याचं माप) २००ला, १/२०० वेगाला, ॲपर्चर एफ/१६ लागतं. डी४०च्या डोक्यावरच्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या जोराचा आकडा, आयएसओ २००ला सुमारे १७ आहे. १७ला १६नं भागा: फ्लॅश जेमतेम एक मीटर पोचतो. दोर ओढणाऱ्या माणसाच्या एक मीटरवर उभं राहिलात तर कोपर नाकावर बसेल. तेच १/५००ला एफ/१० पुरतं, आणि १७ भागिले १० म्हणजे १.७ मीटर. शिवाय इथं फ्लॅशनं सूर्याची बरोबरी करायची नाहीये, नुसती सावली भरायची आहे. निम्मा उजेडही भागवतो. म्हणजे अंतर वाढून सुमारे २.४ मीटर. आठ फूट. माणसाला कामात ठेवून त्याच्या टोपीखाली उजेड टाकायला आठ फूट पुरेसे होतात.

लग्नाच्या फोटोग्राफीत आम्ही हेच काम थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून करायचो. वायरीच्या वाऱ्यात थर्माकोल धरायला दोन माणसं लागतात आणि तिसरा तो आणायला समुद्रात पळतो.

दुसऱ्या दिवशी भाचीला कॅमेरा 'एम'वर, म्हणजे सगळं हातानं ठरवायच्या सोयीवर, लावून दिला: १/५००, एफ/१०, आयएसओ २००. फ्लॅशचं बटण दाबून हातानंच उघडायचा, कारण ऑटोवर उन्हात तो स्वतःहून उठत नाही. दोन फोटोंमध्ये दोन-तीन सेकंद थांबायचं, त्याला परत भरायला वेळ लागतो. किनाऱ्यावर लेन्स काढायची नाही, काही झालं तरी. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं आधी पुसायचं, मग कोरड्यानं. कोरडं फडकं आधी फिरवलं तर मिठाचे कण घासपेपरसारखे घासतात. सांगताना मला स्वतःचाच आवाज शाळामास्तरासारखा वाटायला लागला, म्हणून थांबलो.

किनाऱ्यावर

डिसेंबरातल्या एका शनिवारी मीही तिच्याबरोबर गेलो. रापणीला पंधरा-वीस माणसं तरी लागतात. होडीतून जाळं अर्धगोल टाकत न्यायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढत आणायचे. ओढणारे मागे मागे चालत येतात. दोराचं टोक आलं की तिथला माणूस सोडून पुन्हा पाण्याकडे जाऊन धरतो. पुन्हा पुन्हा तीच ये-जा. फोटो काढणाऱ्याला हे वरदान, कारण हुकलेला माणूस पाच मिनिटांत परत त्याच जागी येतो.

रांगेत सर्वांत वयस्क होते त्यांना सगळे आबा म्हणत. भाची कॅमेरा घेऊन जवळ गेली तशी त्यांनी न थांबता सांगितलं, "टोपी काढूक सांगशीत तर फोटो नको माका."

"नाय आबा, टोपी ऱ्हवांदे."

ती उलट्या पावलांनी त्यांच्याबरोबर चालत राहिली, साताठ फुटांवर. फ्लॅश भर उन्हात चमकला तेव्हा मागचा एक जण हसला, "सूर्य कमी पडलो काय गो?" मागच्या छोट्या पडद्यावर फोटो बघितला. आकाश निळं, वाळू फटफटीत न होता वाळूच्या रंगाची, आणि टोपीच्या काठाखाली दोन बारीक केलेले डोळे, त्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसकट. मोबाइलच्या शंभर फोटोंत ते डोळे एकदाही आले नव्हते.

जाळ्याची खोळ आली तेव्हा तारली भरपूर आणि थोडे बांगडे निघाले. त्या झुंबडीत हा कॅमेरा तोकडा पडला हेही लिहितो. सेकंदाला अडीच फोटो, फोकसचे तीनच बिंदू. मासे उडताना पकडायचे तर नशिबावर. शिवाय ३००८ बाय २००० ठिपक्यांच्या चित्रात कापायला कापड उरत नाही. अठरा इंचांवर छापलं की इंचाला १६७ ठिपके येतात. भिंतीवर हातभर अंतरावरून ते उत्तम दिसतं, पण निम्मं चित्र कापून टाकलंत तर पिसं निघतात. चौकट तिथल्या तिथं नीट धरावी लागते. भाचीला हे दोन दिवस जड गेलं, मग तिची पावलं आपोआप पुढे-मागे व्हायला लागली.

एक खोड आणखी. हा कॅमेरा उजेडाची मोजणी थोडी सढळ करतो. 'ए'वर, म्हणजे वेग कॅमेऱ्यावर सोडून, काढलेल्या फोटोंत होडीची पांढरी बाजू जळून जायची. एक्स्पोजर दोन तृतीयांश पायरी खाली आणल्यावर जाग्यावर आलं.

जिथं हरला

वीस चौकटींत दोन रात्रीच्या हव्या होत्या. रापणीतल्या दोघांची भूमिका असलेलं दशावताराचं नाटक जवळच्या देवळात होतं. माझ्याकडे फिल्मच्या काळातली ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स पडून आहे, ती दिली. मोटर नाही म्हणून फोकस हातानं, दृश्यखिडकीतला हिरवा ठिपका लागेपर्यंत फिरवत. पहिला अर्धा तास पडद्यावर नुसतं 'एफईई' येत राहिलं, कारण ॲपर्चरची कडी २२वर नेऊन अडकवायची ते मी सांगायला विसरलो होतो. आयएसओ १६००, वेग १/६०. संकासुर उडी मारणार, हिरवा ठिपका लागणार आणि तोपर्यंत तो विंगेत जाणार. एकशे चाळीसेक फोटोंतून तीन बरे निघाले, तेही रवाळ. शेजारच्या पोरानं मोबाइलवर काढलेला एक फोटो या तिन्हींपेक्षा सरस होता. वाद घालण्यासारखं त्यात काही नाही. रात्रीच्या दोन्ही चौकटींत मोबाइलचेच फोटो लागले.

म्हणून कुणी विचारलं की पंधरा-सतरा वर्षांचा असा कॅमेरा ठेवावा का, तर मी आता आधी विचारतो, काढायचंय काय आणि किती वाजता. नाटकं, घरातले कार्यक्रम, व्हिडिओ यासाठी असेल तर अडीच हजार घ्या आणि मोकळे व्हा. डी४०मध्ये व्हिडिओ नाहीच. दिवसा, जवळून, माणसं काढायची असतील तर आधी बॅटरी बदलून बघा.

डबा

जानेवारीत चौकटी लागल्या. आबा आपल्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. मग शेजारच्याला म्हणाले, "दोर बघ कसो ताणलेलो हा." स्वतःबद्दल काहीच बोलले नाहीत.

कॅमेरा आता पैठणीशेजारी नाही. बहिणीनं घट्ट झाकणाचा, रबर बसवलेला प्लॅस्टिकचा डबा दिला. त्यात कॅमेरा, नवी लेन्स, तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलची पुरचुंडी. चामडी केस जाळली नाही, पण डब्यात नाही. बुरशीची लेन्स माझ्या खणात वेगळी. नव्या मुलांना टॉर्च मारून दाखवायला बरी पडते. बॅटरी काढून ठेवायची आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून वीस-पंचवीस फोटो मारायचे, एवढं ठरलंय.

जुलैत भाचीचा फोन आला. बाहेर आठ दिवस संततधार, घरातला मापक ८९ दाखवत होता. डब्यातला ६३.

"मणी नारिंगीचे हिरवे झालेत मामा. काय करू?"

"भाजून घे. मंद आचेवर, पण जेवणाच्या कढईत नको."

मागून बहिणीचा आवाज आला, "कढईक हात लावशीत तर बघ." तासाभरानं जुन्या पत्र्याच्या ताटलीतल्या मण्यांचा फोटो आला, पुन्हा नारिंगी झालेले. संध्याकाळी डब्यातल्या मापकाचा आला: ४६. दोन्ही मोबाइलवर काढलेले.